होम लोन ऑफिसरचा बर्नआउट आणि उघड्या फाइल्सचं गणित

 

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमत नाही, ज्यांना लोकलमध्ये किंवा ऑफिसात गुपचूप वाचायचं असतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना माझे जे दहा-बारा वेळा 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' झाले ते काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय होम लोनचा आहे. पण कर्ज घेणाऱ्यांबद्दल आपण आधी बोललोय. आज बोलायचंय ते कर्ज करून देणाऱ्या माणसाबद्दल. तुमच्या घरी येऊन पंचवीस सह्या घेणारा, पगाराच्या स्लिपा मागणारा, आणि ज्याला आपण रात्री साडेनऊला बिनधास्त फोन करून 'सर, आमचं काय झालं?' विचारतो, तो होम लोन ऑफिसर. कुठे त्याला आरएम म्हणतात, कुठे सेल्स ऑफिसर. आपल्या ऐकणाऱ्यांमध्ये या लाइनमधली बरीच मंडळी आहेत, मेसेजेसवरून कळतंच ते.

नवीन लोकांसाठी माझी ओळख: मी बीटेक, सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुण्यात नोकरी. कर्ज देणाऱ्या संस्थांसाठी आमची टीम सॉफ्टवेअर बनवते. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते एक घरातली गोष्ट, थोडं गणित आणि माझी स्वतःची एक चूक, एवढंच.

पार्किंगमधली पंचवीस मिनिटं

माझा आतेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, सात वर्षं होम लोनमध्ये आहे. बोलका माणूस. लग्नात जेवणाच्या पंगतीत बसल्या बसल्या दोन लीड घेऊन उठणारा. मागच्या वर्षी एका रात्री वहिनीचा फोन आला. म्हणाली, "भाऊजी, एक विचारू का? हे ऑफिसातून येतात, गाडी लावतात आणि खाली पार्किंगमध्येच बसून राहतात. वीस-पंचवीस मिनिटं. मी गॅलरीतून बघते. वर या म्हटलं तर म्हणतात, आलोच."

दुसऱ्या रविवारी मी गेलो. चहा झाला, इकडचं-तिकडचं झालं, मग मी सरळ विचारलं, "दादा, खाली काय करतोस बसून?"

तो म्हणाला, "काही नाही रे. वर आलो की पोरगी बोलायला लागते, आई बोलायला लागते. दिवसभर बोलून माझा आवाज संपलेला असतो. आणि खरं सांगू? हल्ली समोरचा माणूस बोलायला लागला ना, की मला तो खोटं बोलतोय असंच वाटतं. कस्टमर पण, बिल्डर पण, आमचे लोक पण."

मग म्हणाला, "सोडावं म्हणतोय. पण माझाच हप्ता चालू आहे."

होम लोन देणाऱ्या माणसाला स्वतःच्या होम लोनमुळे नोकरी सोडता येत नाही. आम्ही दोघंही जरा हसलो त्यावर, पण ते काही खरं हसू नव्हतं.

बर्नआउट म्हणजे नक्की काय?

'जाम बर्नआउट झालंय यार' हे आपण शुक्रवारी संध्याकाळी पण म्हणतो. पण दमणं वेगळं आणि हे वेगळं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आपल्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची नेमकी व्याख्या दिली. त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी संबंधित अवस्था म्हटलंय. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की ती येते, आणि तिची तीन लक्षणं असतात. एक, अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं. दोन, कामापासून मनाने दूर जाणं, सगळ्याकडे संशयाने, कडवटपणे बघणं. तीन, आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं.

दादाचं बोलणं आता परत वाचा. आवाज संपलेला असतो, ही पहिली खूण. सगळे खोटं बोलतात, ही दुसरी. तिसरी मला नंतर कळली. तो म्हणाला होता, "आधी फाइल बघून सांगायचो, होणार की नाही. आता मलाच खात्री नसते." सात वर्षांचा अनुभव असलेला माणूस असं म्हणतोय.

'दोन दिवस गोव्याला जाऊन ये' हा सल्ला इथे का चालत नाही, ते यातून कळतं. सुट्टीने पहिलं लक्षण कमी होईल. बाकीची दोन सोमवारी ऑफिसच्या दारातच उभी असतील.

या नोकरीत वेगळं काय आहे?

१९७९ मध्ये रॉबर्ट करासेक नावाच्या संशोधकाने एक साधं मॉडेल मांडलं. काम खूप आहे एवढ्याने माणूस मोडत नाही. काम खूप आणि त्यावर आपला ताबा कमी, ही जोडी माणसाला मोडते.

होम लोन ऑफिसरचं काम हे त्याचं अगदी पुस्तकी उदाहरण आहे. बघा. फाइल लॉगिन होते. मग ती क्रेडिटकडे जाते, तिथे सिबिल, उत्पन्न, चालू हप्ते बघतात. वकील जागेचा सर्च रिपोर्ट करतो, याला सगळे 'लीगल' म्हणतात. इंजिनिअर जाऊन जागेचं मूल्य काढतो, ते 'टेक्निकल'. सँक्शन होतं. मग अग्रीमेंट, स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, इंडेक्स टू, बिल्डरची किंवा सोसायटीची एनओसी. मग कुठे डिस्बर्समेंट, म्हणजे पैसे सुटतात.

यातलं ऑफिसरच्या हातात काय आहे? फार तर पहिली पायरी. पण कस्टमरच्या फोनमध्ये नंबर कोणाचा आहे? वकिलाचा नाही, क्रेडिट मॅनेजरचा नाही. ऑफिसरचा. आणि टार्गेट बहुतेक ठिकाणी डिस्बर्समेंटवर असतं, म्हणजे जी शेवटची पायरी त्याच्या हातात सगळ्यात कमी, तिच्यावर.

त्यात वर्षाचे चढउतार. पितृपक्षात शुकशुकाट, कारण लोक बुकिंगच करत नाहीत. दसरा, दिवाळी, पाडव्याला झुंबड. मार्चमध्ये कंपनीचं वर्ष संपतं, आणि नवे रेडी रेकनर दर साधारण एक एप्रिलपासून येतात म्हणून रजिस्ट्रेशनचीही घाई. २०२० च्या सप्टेंबरपासून मार्च २०२१ पर्यंत महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटी कमी केली होती, ते दिवस दादा अजून आठवतो. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला, तेव्हा तर जुने कस्टमरसुद्धा जागे झाले. "माझा रेट कधी कमी होणार? नाही तर मी बॅलन्स ट्रान्सफर करतो." त्या फोनचं ना टार्गेट, ना इन्सेंटिव्ह. उचलायचा मात्र त्यानेच.

आणि शनिवार-रविवार? लोक फ्लॅट बघायला सुट्टीच्या दिवशीच जातात. म्हणजे हा साइटवर टेबल टाकून बसलेला.

डोशाच्या गाडीचं गणित

आता माझ्या विषयाकडे येतो. घाबरू नका, एकच गुणाकार आहे.

एका डोशाच्या गाडीवर तासाला ३० गिऱ्हाइकं येतात. प्रत्येकाला डोसा मिळून निघायला २० मिनिटं, म्हणजे एक तृतीयांश तास लागतो. तर गाडीभोवती कोणत्याही वेळी सरासरी किती लोक उभे असतील? ३० गुणिले एक तृतीयांश, म्हणजे १०.

आता समजा प्रत्येकाला २० ऐवजी ४० मिनिटं लागायला लागली. गिऱ्हाइकं तेवढीच येतायत, डोसे तेवढेच विकले जातायत, गल्ला तेवढाच. पण गाडीभोवती आता २० लोक उभे आहेत. आणि त्यातला प्रत्येक जण विचारतोय, "अण्णा, माझा कुठे?"

याला लिटलचा नियम म्हणतात. अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी तो १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केला. सर्व्हरवर किती रिक्वेस्ट्स ताटकळतील हे काढायला आम्ही तो सर्रास वापरतो. येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा सरासरी काळ, बरोबर आत असलेली संख्या.

त्या रविवारी मी दादाला म्हटलं, "तुझ्या फाइल्स मोजू." तो म्हणाला, "मला माहितीये, वीसेक असतील." आम्ही लॅपटॉपवर शीट उघडली आणि त्याच्या डायरीतून, व्हॉट्सॲपमधून, ॲपमधून एकेक फाइल लिहून काढली. बांधकाम चालू असलेल्या इमारतींचे पुढचे स्लॅबवार हप्ते बाजूला ठेवले, कारण त्या फाइल्स वर्षानुवर्षं चालतात आणि फोन फक्त बिल्डरचं डिमांड लेटर आलं की येतो. बाकी उघड्या फाइल्स निघाल्या ३४.

दादा आठवड्याला साधारण ५ फाइल्स लॉगिन करतो. ३४ भागिले ५, म्हणजे जवळपास ७ आठवडे. एक फाइल सरासरी सात आठवडे त्याच्या डोक्यावर असते. मग ती पास होवो, रिजेक्ट होवो, नाहीतर कस्टमर दुसरीकडे जावो. त्याला विचारलं असतं तर तो 'तीन-चार आठवडे' म्हणाला असता.

मग फोनचा कॉल लॉग बघितला. एका दिवसात ९६ कॉल. त्यातले साठच्या वर 'काय झालं?' वाले. म्हणजे दर उघड्या फाइलमागे दिवसाला साधारण दोन. कधी नवरा, कधी बायको, कधी एजंट, कधी बिल्डरच्या ऑफिसातली मॅडम.

आता तोच गुणाकार उलटा करा. फाइल सातऐवजी चार आठवड्यांत सुटली तर उघड्या फाइल्स २०. दिवसाला दोनच्या हिशेबाने ६८ ऐवजी ४० कॉल. २८ कॉल कमी. तीन मिनिटांचा एक धरला तर ८४ मिनिटं. आणि लॉगिन तेवढेच, टार्गेट तेवढंच!

दादा बराच वेळ शीटकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मला धंदा मारत नाहीये. अडकलेला माल मारतोय."

या भागातून तुम्ही एकच गोष्ट नेणार असाल तर ही न्या. या नोकरीतला थकवा नव्या कामापेक्षा अर्धवट राहिलेल्या कामातून जास्त येतो. म्हणून 'कमी काम कर' हा सल्ला इथे लागू पडत नाही, तो कोणी पाळूही शकत नाही. 'उघडं कमी ठेव' हा मात्र पाळता येतो.

मग आम्ही काय केलं?

आधी ३४ फाइल्स कुठे अडकल्यात ते लिहिलं. कस्टमरच्या कागदांसाठी ११, लीगलला ९, टेक्निकलला ५, बिल्डरच्या एनओसीसाठी ४, क्रेडिटच्या क्वेरीत ३, आणि २ तयार. सगळ्यात मोठा ढीग, ११ फाइल्सचा, दादाच्याच पायरीवर होता. त्याला वाईट वाटलं. मला आनंद झाला, कारण तेवढाच ढीग आपल्या हातात होता.

एक: अर्धवट फाइल लॉगिन करायची नाही. महिनाअखेरीला लॉगिनचा आकडा दाखवायचा म्हणून 'फॉर्म सोळा नंतर देतो' म्हणणाऱ्याची फाइलही आत ढकलली जाते. ती आत जाते, क्वेरी होऊन बाहेर येते, परत जाते. दादाने ठरवलं, पगारदाराची सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट, फॉर्म सोळा, केवायसी आणि जागेचे कागद हातात आल्याशिवाय लॉगिन नाही. पहिल्या महिन्यात लॉगिनचा आकडा पडला. साहेबांचं ऐकून घ्यावं लागलं. हे मी लपवत नाही. पुढच्या महिन्यात डिस्बर्समेंट पडलं नाही, तेव्हा साहेब गप्प झाले.

दोन: 'नाही' पहिल्याच दिवशी सांगायचं. सगळ्यात जास्त त्रास देणारी फाइल कोणती? जी शेवटी होणारच नसते. गुंठेवारीतला प्लॉट, फक्त नोटरी केलेला करार, सिबिलमध्ये मित्रासाठी घेतलेली जामीनकी. हे प्रश्न पहिल्या भेटीत विचारायचे. आणि पैशाचं गणित कस्टमरसमोर कागदावर मांडायचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात जागेच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के एवढंच कर्ज देता येतं. ६० लाखांच्या फ्लॅटला जास्तीत जास्त ४८ लाख. स्वतःचे १२ लाख लागणार. त्यावर पुणे शहरात सात टक्क्यांनी ४ लाख २० हजार स्टॅम्प ड्युटी आणि ३० हजार रजिस्ट्रेशन. म्हणजे साडेसोळा लाख हातात हवेत. हे सँक्शननंतर कळलं की कस्टमर महिनाभर मामा-काकांकडे फिरतो, आणि फाइल उघडीच राहते.

तीन: फोन यायच्या आधी आपण सांगायचं. कस्टमर माहितीसाठी फोन करतो असं आपल्याला वाटतं. तो भीतीने करतो. त्याने टोकन दिलेलं असतं, अग्रीमेंटमध्ये तारीख असते, बायको रोज विचारत असते. दादा आता मंगळवारी आणि शुक्रवारी प्रत्येक उघड्या फाइलला तीन ओळींचा मेसेज टाकतो. काय झालं, आता कोणाकडे आहे, पुढचा मेसेज कधी. काहीच हललेलं नसेल तर तेही लिहायचं: 'लीगल अजून आलेलं नाही, वकिलांना आज आठवण केली, शुक्रवारी कळवतो.' आधी त्याला वाटायचं, काही नसताना कशाला सांगायचं, शिव्या खायच्या. झालं उलटं. शुक्रवारी कळणार हे माहीत असलं की माणूस बुधवारी फोन करत नाही. सगळे नाही, पण बरेच जण.

चार: सुट्टीसाठी जोडीदार हवा. आमच्या क्षेत्रात ऑन-कॉल नावाची पद्धत असते. रात्री सर्व्हर पडला तर कोणी उठायचं याची पाळी ठरलेली असते, त्यामुळे बाकीचे निवांत झोपतात. सेल्समध्ये प्रत्येक जण रोजच ऑन-कॉल असतो. दादाने ब्रँचमधल्या एका सहकाऱ्याबरोबर पाळी लावली. रविवारी साइटवर बसला की त्याची सुट्टी मंगळवारी दुपारनंतर, मेसेज टाकून झाले की. तेव्हा दादाचे तातडीचे कॉल तो सहकारी घेतो, आणि गुरुवारी दादा त्याचे. दोघांकडे एकमेकांची शीट असते. 'माझा कस्टमर पळवेल' ही भीती दोघांनाही होती. त्यांनी सरळ बोलून मिटवली: ज्याची फाइल, त्याचा इन्सेंटिव्ह.

पाच: स्वतःचा एफओआयआर काढायचा. हे मला फार आवडलं, कारण हे दादाने स्वतःच काढलं. एफओआयआर म्हणजे उत्पन्नातला किती हिस्सा हप्त्यांत जातो ते. कस्टमरचं उत्पन्न मोजताना इन्सेंटिव्ह सहसा पूर्ण धरत नाहीत, सरासरी काढून त्यातला काही भागच धरतात, कारण तो आज आहे, उद्या नाही. "आणि माझं घर बघ," दादा म्हणाला, "हप्ता, गाडी, पोरीची शाळा, सगळं मी इन्सेंटिव्ह पूर्ण धरून बसवलंय. माझीच फाइल मी रिजेक्ट केली असती." त्यांनी गाडी विकली नाही वगैरे, पण फिक्स पगारात घर चालेल असं बजेट बसवायला सुरुवात केली, आणि इन्सेंटिव्ह आला की वेगळ्या खात्यात. सहा महिन्यांचा खर्च जमला की 'सोडू का?' हा प्रश्न शांत डोक्याने विचारता येईल. अजून जमलेला नाही. पण प्रत्येक वाईट महिन्यात जी छाती धडधडायची, ती कमी झाली म्हणतो.

माझी चूक

आता ते सांगायला मला जरा जड जातंय.

दादाच्या कंपनीत जे ॲप वापरतात ते आमच्या टीमने बनवलंय. त्यात एक सोय आहे: फाइल एका पायरीवर ४८ तासांपेक्षा जास्त राहिली की ऑफिसरला दर दोन तासांनी नोटिफिकेशन. लाल रंगात. ती मी लिहिली होती. टेस्ट करताना मी तीन डमी फाइल्स घेतल्या होत्या. तीन फाइल्सना ते छान दिसतं.

दादाच्या ३४ पैकी तीसेक फाइल्स ४८ तासांच्या पुढे होत्या. दर दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला एका फाइलची बारा. तीस गुणिले बारा, ३६० नोटिफिकेशन्स. रात्रीचं बंद करायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, त्यामुळे पहाटे तीनलासुद्धा.

कुठलाही शहाणा माणूस करेल तेच त्याने केलं. ॲप म्यूट केलं. आणि मग एके दिवशी रीसेलच्या एका फ्लॅटमधली क्रेडिटची खरी क्वेरी त्याला दिसलीच नाही. चार दिवस गेले. विकणाऱ्याने दिलेली तारीख उलटली. कस्टमर ब्रँचमध्ये येऊन सगळ्यांसमोर ओरडला. पार्किंगमध्ये बसायला सुरुवात झाली ती त्या आठवड्यात.

मी दादाला सांगितलं, "ते मी लिहिलंय." तो आधी हसला. मग म्हणाला, "तुला शिव्या घातल्यात मी रोज. नाव माहीत नव्हतं, एवढंच."

ऑफिसात जाऊन मी हा विषय काढला. आता रात्री नऊ ते सकाळी नऊ नोटिफिकेशन जात नाही. दिवसात दोनदा एकत्र यादी जाते, आणि ज्यात ऑफिसरला स्वतः काही करायचंय त्याच फाइल्स वर दिसतात. वकिलाकडे अडकलेल्या फाइलचं लाल नोटिफिकेशन ऑफिसरला पाठवून काय उपयोग होता? साहेबांच्या डॅशबोर्डवरचा लाल रंग मात्र तसाच आहे, तो मला बदलून मिळाला नाही. जे मिळालं ते सांगितलं.

तुमच्यातलं कोणी ॲप बनवत असेल, किंवा टीम लीडर असेल आणि ग्रुपवर दर तासाला 'अपडेट प्लीज' टाकत असेल, तर एवढंच करा. ती आठवण ज्याला जाते त्याच्या हातात ते काम आहे का, हे आधी बघा.

एवढ्याने भागलं नाही तर?

सगळंच गणिताने सुटत नाही. कंपनीने माणसं कमी ठेवली असतील, किंवा साहेब खोटे कागद चालवून घ्यायला सांगत असेल, तर शीट आणि मेसेजेस काही करणार नाहीत. अशा वेळी टीम बदलणं, क्रेडिट किंवा ऑपरेशन्सकडे जाणं, दुसरी संस्था बघणं, हे पळून जाणं नसतं. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, पण त्याचा कायदा झालेला नाही. तोवर आपली वेळ आपणच सांगायची आहे, शक्य तितकी.

आणि झोप उडालीये, भूक गेलीये, सुट्टीच्या दिवशीही काहीच बरं वाटत नाही, असं दोन आठवडे चाललंय, किंवा जगणंच नको वाटायला लागलंय, तर त्याला बर्नआउट म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरकडे जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

दादाचं पुढे काय झालं?

त्याने नोकरी सोडलेली नाही. सोडणारच नाही असंही तो म्हणत नाही. उघड्या फाइल्स मागच्या आठवड्यात २३ होत्या. मार्चमध्ये परत तिशीच्या वर जातील, हे त्यालाही माहितीये, पण आता त्याला आकडा माहीत असतो. वहिनीला विचारलं, पार्किंगचं काय? म्हणाली, "बसतात कधीकधी. पाच-दहा मिनिटं. पण आता पोरगीच खाली जाते बोलवायला, आणि हे येतात."

तर मंडळी, तुम्ही लोनमध्ये असा, इन्शुरन्समध्ये असा, रिक्रूटमेंटमध्ये असा, जिथे जिथे काम दुसऱ्याकडे अडकतं आणि फोन तुम्हाला येतो, तिथे या रविवारी अर्धा तास काढा. उघडी कामं लिहून काढा, आठवड्याला किती नवी येतात त्याने भागा, आणि किती आठवडे येतात ते मला कळवा. पुढच्या भागात तुमचे आकडे घेऊन बोलू.

आणि ज्यांचं स्वतःचं होम लोन चालू आहे, त्यांना एक विनंती. रात्री साडेनऊला फोन करायच्या आधी, सकाळी दहाला केला तर चालेल का, एवढं बघा.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!